मला काढ ना

१

सर, सबमिशनची तारीख उलटून गेली, मला माहीत आहे. तुम्ही काय म्हणाल तेही माहीत आहे. "दीपमालाबाई, आपण तारीख पाळता की तिथी?" वर्ग हसेल. हसू दे. पण वही पूर्ण आहे. एकही नंबर सुटलेला नाही, हवं तर मोजून घ्या.

पहिल्याच दिवशी तुम्ही फळ्यावर वर्कफ्लो लिहिला होता. काढा, उतरवा, निवडा, सुधारा, द्या. "फोटो काय, लग्नातला मामाही काढतो," तुम्ही म्हणालात, "काढल्यावर त्याचं काय करायचं, ते शिकायला तुम्ही आलात." आणि मग तुमचा तो नियम. प्रत्येक फ्रेमचा नंबर वहीत हवा, आणि सबमिशन होईपर्यंत एकही फ्रेम डिलीट करायची नाही. काढलेलं काढायचं नाही. सगळे खो खो हसले होते. मी पुसदची, मला विनोद उशिरा कळतात. मी ते लाल पेनानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

पण तेव्हा माझं डोकं खोलीपाशी अडकलं होतं. बिबवेवाडीत मी आणि शेफाली मंदाकिनीबाईंकडे पेइंग गेस्ट होतो. त्यांचा मुलगा अमेरिकेतून परत येणार होता. "मुली चांगल्या आहात हो तुम्ही," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "पण खोली आमची आहे." महिनाअखेरची मुदत. शेफालीला काय, तिची नोकरी खराडीला, तिची मावशी तिथेच. मी कुठे जाऊ? बाबा फोनवर एकच सांगत होते. "सोय झाली तर ठीक, नाही तर सामान बांध. पुसदले काय कॅमेरे भेटत नाहीत, माय?" दोन स्थळं पाहून ठेवलेली होती. एकदा पुसदला गेले असते, तर मला तिथून पुन्हा बाहेर कोणी काढलं नसतं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, सर. पुढे मी जे केलं ते का केलं, एवढं तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

महिपतीकाकांची जाहिरात शेफालीनं ऑफिसच्या नोटिस बोर्डवर पाहिली. हिंजवडीत नवं गर्ल्स होस्टेल, वेबसाइटसाठी फोटो हवेत. मी फोन केला. काका दिलखुलास हसले. "ऊस परवडंना, म्हणून होस्टेल लावलं बघ. पैशाचं नको बोलू पोरी. फोटो झ्याक काढ, वर्षभर एक खोली तुजी."

त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली, की शेफालीचा अलार्मही ऐकू आला नाही.

२

शनिवार, सकाळी दहा. पाच मजली नवी इमारत, मोरपिशी रंग, काचा निळ्या. आजूबाजूला आयटी पार्क आणि मधे एक गोठा, तो अजून विकला गेला नव्हता. रंगाचा वास नाकात बसत होता. राहायला अजून कोणी आलेलं नव्हतं. तीन-चार मजूर कुठेतरी खाली होते.

रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीपाशी ट्रायपॉड लावला. माझ्या ट्रायपॉडच्या एका पायाला लाल टेप आहे, तुम्ही त्याला प्लॅस्टरमधला पाय म्हणता. कंपनीच्या बसेस एकामागोमाग एक मधे येत होत्या. तरी इमारतीचे अकरा फोटो मिळाले. ०१०१ ते ०१११. वहीत नोंद केली.

मग आत जाऊन पाचव्या मजल्यापासून मजल्यामजल्यानं खाली येत गेले. खोल्या सगळ्या एकसारख्या. खाट, कपाट, टेबल, खिडकीला ग्रिल. चौथ्या मजल्यावर ४०३ला बाहेरून कडी आणि कुलूप.

"ही उघडता का, काका?"

"त्यात कोन न्हाई. सामान हाय," म्हणत ते फोनवर बोलत खाली गेले.

मी कॉरिडॉरचा फोटो लावत होते, तेवढ्यात त्या दाराआडून बाईचा आवाज आला.

"मला काढ ना."

दचकले, पण घाबरले नाही. कॅमेरा दिसला की असं बोलणारी माणसं जागोजागी भेटतात. ताई, माझा काढा, बाळाचा काढा. वाटलं, मजुराची बायको असेल, आत काम करत असेल. बोलणं जरा वेगळं वाटलं, पण म्हटलं इकडच्या गावाची बोली असेल. आमच्याकडचं ऐकून पुण्याची माणसं तरी काय कमी हसतात?

"दार उघडा, काढते," मी म्हटलं.

"मला काढ ना." आता आवाज दाराच्या अगदी जवळ.

बाप्पा, मला उशीर होत होता. ऊन सरकत होतं, खालचे तीन मजले बाकी होते. दारावर वीतभर उंचीचा उघडा व्हेंटिलेटर होता. रंगाच्या डब्यावर चढले, दोन्ही हातांनी कॅमेरा त्यातून आत धरला आणि न बघताच बटण दाबलं.

"घ्या, काढला!"

आतून काहीच आवाज आला नाही. बरं वाटलं असेल, म्हटलं. वहीत ०१८७ लिहिलं. कॉरिडॉरचे आणखी दहा-बारा फोटो काढले. परत येताना ४०३च्या दाराशी कुणाची तरी वही पडली होती, तिला पाय लागला. सवयीनं हात कपाळाला लावला, वही पायानंच भिंतीकडे सारली आणि खाली पळाले.

३

दुपारी बिबवेवाडीला येऊन कार्ड उतरवलं. एक कॉपी लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर. वहीत दोनशे चौदा, लॅपटॉपवर दोनशे चौदा. तुम्ही शाबासकी दिली असतीत, म्हणजे गप्प बसला असतात.

०१८७ उघडला. खोली रिकामी. खाट, कपाट, टेबल. कोणीच नाही. बाई गेली कुठे? मग खालच्या कडेकडे लक्ष गेलं. तिथे केस होते. मधोमध भांग. कोणीतरी दाराला अगदी चिकटून उभं होतं, म्हणून फोटोत फक्त डोक्याचा वरचा भाग आला होता. हात्तिच्या! मला हसू आलं. वहीत लिहिलं, "०१८७, खालच्या कडेला भांग."

मग इमारतीचे अकरा फोटो पाहिले. चौथा मजला, डावीकडून तिसरी खिडकी. हळदीच्या रंगाचं काहीतरी. मोठं करून पाहिलं. कपडा, आणि वर उचललेला हात. चेहऱ्याच्या जागी ग्रिलची सावली. अकराही फोटोंत. मी खिडक्या मोजल्या, तीनदा मोजल्या. ती ४०३चीच.

तर्क करायला तुम्हीच शिकवलंत. एक, पडदा. पण पडदे अजून लागलेच नव्हते. दोन, काचेत समोरच्या बसचं प्रतिबिंब. पण बसेस हलत होत्या, हे हललं नव्हतं. तीन, मजुराची बायको आत राहून गेली आणि बाहेरून कुणी चुकून कुलूप लावलं. हे पटलं. दोन तास ती आत होती, आणि मी तिचा फोटो काढून निघून आले.

लगेच काकांना फोन लावला.

"काका, ४०३मध्ये कुणीतरी अडकलंय. चावी शोधा आधी."

ते म्हणाले, "खिडकीतली बाई ना? ती काढून टाक. फोटोत बाई नको. आनि काय गं, खोली पायजे ना तुला?"

फोन बंद झाला. मी भाजी निवडायला बसले. अर्धी मेथी निवडून झाल्यावर डोक्यात आलं. खिडकीचं मी बोललेच नव्हते.

४

सांगायला लाज वाटते, सर. पण सुधारणं ही वर्कफ्लोची चौथी पायरी आहे, ती गाळता येणार नाही.

शेफालीला काही सांगितलं नाही. शेजारच्या ४०२ची रिकामी खिडकी घेतली आणि क्लोन स्टॅम्पनं तिसऱ्या खिडकीवर आणून बसवली. आधी हात गेला, मग कपडा. सहा मिनिटांचं काम. मूळ फाइलला हात लावला नाही, कॉपीवर केलं. नियम मोडला नाही, असं स्वतःला समजावलं. इमारत छान दिसत होती, सगळ्या खिडक्या एकसारख्या. फोटो काकांना मेल केला. दहा मिनिटांत उत्तर आलं. "झ्याक. खोली तुजी."

मग मन राहीना, म्हणून मूळ फाइल उघडली. तिसरी खिडकी रिकामी. अकराही फोटोंत रिकामी. हार्ड डिस्कवरची कॉपी पाहिली, तीही तशीच. ०१८७च्या खालच्या कडेला नुसती फरशी.

सोमवारी तुम्हाला दाखवलं, आठवतं? तुम्ही चष्मा कपाळावर सारून पडद्याकडे पाहिलंत, मग वहीकडे पाहिलंत. "भांग? हळदीचा कपडा? बाई, ही नोंदवही आहे की कादंबरी?" पडद्यावर मलाही काही दिसत नव्हतं. ती बाई आता फक्त माझ्या वहीत उरली होती, माझ्याच अक्षरात.

रात्री जेवताना न राहवून शेफालीला सगळं सांगितलं. शेफाली कॉल सेंटरला आहे, दिवसभर लोकांचं बोलणं ऐकायचीच तिला सवय.

"एक मिनिट," घास हातात धरून ती म्हणाली. "ती एक्झॅक्टली काय म्हणाली?"

"मला काढ ना."

"मला? की माझा?"

"काय फरक पडतो?"

"अगं येडे, फोटो काढायचा असेल तर 'माझा काढ' म्हणतात ना. 'मला काढ' म्हणजे..."

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. मेथीची भाजी तशीच राहिली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस पकडून मी हिंजवडीला गेले. मनाशी ठरवलं होतं, कुलूप फोडायला लागलं तरी चालेल, खोली गेली तरी चालेल. खरंच ठरवलं होतं, सर. एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

तशी वेळच आली नाही. काका दारातच चावी घेऊन उभे होते. "ये, तुजी खोली दावतो." जिना चढून सरळ ४०३पाशी. कुलूप काढलं, कडी सरकवली, दार ढकललं. आत कोणी नाही. सामान सुद्धा नाही. खाट, कपाट, टेबल, ऊन. खिडकीतून रस्ता, पानाची टपरी, बसेस.

"इथं कोण होतं, काका?"

"कुटं कोन होतं? नवी खोली हाय. तूच पयली."

मी दाराची आतली बाजू पाहिली. नवा रंग, पण छातीच्या उंचीला थोडा घासलेला. रोज अंग टेकून बसायच्या भिंतीवर पडतो ना, तसा डाग. मजुरांनी दार आडवं टाकलं असेल, घासलं असेल. असू शकतं ना? माझ्या तिन्ही तर्कांना एकदम बरं वाटलं. बाई मजुराचीच होती, सुटली, गेली. मी चावी घेतली.

बाबांना फोन केला. "सोय झाली." ते म्हणाले, "खोली चांगली हाय ना? हवा येते ना?" मला रडूच आलं. हो म्हटलं, खूप हवा येते.

६

बुधवारी संध्याकाळी सामान हलवलं. शेफालीची गुरुवारी सुट्टी, म्हणून ती रात्री माझ्याकडेच राहिली. नव्या खोलीसाठी तिनं मला कुर्ता आणला होता. सकाळी अंघोळ करून मी तो घातला. आरशात पाहिलं तेव्हा छान वाटलं, एवढंच. रंगाकडे लक्ष गेलं नाही. खरंच नाही गेलं, सर.

नऊ वाजता शेफाली निघाली. "चल, येते गं," म्हणाली आणि दार ओढून घेतलं. ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ कडीचा.

मी हसत म्हटलं, "ए, कडी काढ!" तिची पावलं जिन्यावरून उतरत होती. दार ओढलं, उघडेना. लाथ मारली. नवं लाकूड, फुगलं असेल. पण लाकूड फुगलं तर कडीचा आवाज येत नाही.

खिडकीकडे धावले. शेफाली खाली रस्त्यावर पोचली होती. हात वर करून ओरडले, "शेफाली! मला काढ!" बसेसचे हॉर्न, तिला काय ऐकू जाणार? पण तिनं वर पाहिलं. हसली. पर्समधून मोबाइल काढला, माझ्यावर धरला, अंगठा दाखवला आणि बसमध्ये चढली.

काकांना फोन लावला. गुरुवार, दुरुस्तीचा वार, म्हणून लाइट नाही, मोबाइलच्या बॅटरीची एकच काडी उरलेली.

"काका, मी ४०३मधून बोलतेय, दार..."

"कोन बोलतंय?"

"दीपमाला!"

"चारशेतीनला कोन न्हाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "सामान हाय."

त्यानंतर फोन बंद पडला. तो गुरुवार होता. आज कोणता वार आहे, ते नक्की सांगता येत नाही. लाइट आलेली नाही. भूक लागत नाही, ते बरं आहे. मी दाराला टेकून बसते, दमले की उठून खिडकीत जाते.

७

आता शेवटची नोंद, सर. भरभर लिहायला हवं, ती कॉरिडॉरमध्येच आहे.

मघाशी खिडकीत उभी होते. रस्त्यापलीकडे टपरीपाशी एक मुलगी ट्रायपॉड लावत होती. बसेस मधे येत होत्या, तोंड दिसलं नाही. पण ट्रायपॉडच्या एका पायाला लाल टेप होती. मी मागे वळून पाहिलं. माझा ट्रायपॉड कोपऱ्यात उभा, लाल टेपसकट. मी हात वर केला. बाहीकडे तेव्हा पहिल्यांदा लक्ष गेलं. हळदीचा रंग.

हात वरच ठेवला. तिचे अकरा फोटो होईपर्यंत ठेवला. मला आकडा माहीत होता.

मग जिन्यावर पावलं. काकांचा आवाज, "त्यात कोन न्हाई." ट्रायपॉडचे पाय फरशीवर टेकले. मी दाराशी उभी राहिले. छाती दाराला, डोकं दाराला. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. दार उघड, मी आत अडकले आहे, कुलूप फोड, माझं नाव दीपमाला. अगदी स्वच्छ, तिला समजेल असं. एकही शब्द चुकवायचा नव्हता. तोंड उघडलं.

"मला काढ ना," मी म्हटलं.

"दार उघडा, काढते," बाहेरून आवाज आला. घाईतला, थोडा वैतागलेला. माझा आवाज बाहेरून असा ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं.

पुन्हा प्रयत्न केला. जिवाच्या आकांतानं केला. पुन्हा तेच तीन शब्द. डबा सरकल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं नाही. डोक्यावर क्लिक झालं.

"घ्या, काढला!"

०१८७, सर. तुमच्या नियमाप्रमाणे नोंद केली आहे.

आता ती कॉरिडॉरचे फोटो काढते आहे. ते संपायच्या आत ही वही दाराखालून सरकवते. तिनं उचलून एक पान जरी वाचलं तरी पुरे. पण तिला उशीर होतोय. वहीला पाय लागेल, ती कपाळाला हात लावेल आणि निघून जाईल. घरी जाऊन कार्ड उतरवेल. खिडकीत मी दिसेन. काका म्हणतील, काढून टाक.

सहा मिनिटांचं काम आहे. आणि तिला खोली हवी आहे.